अपत्याचा अहवाल आणि आईवडिलांचे जुने निदान

कुटुंबातील आजारांचा विचार सहसा वरून खाली केला जातो. आजीला मधुमेह होता, वडिलांना तरुणपणी हृदयविकार झाला, म्हणून पुढच्या पिढीने जपावे, असा हा क्रम असतो. रक्ताच्या आणि जनुकांच्या तपासण्या जसजशा सहज उपलब्ध होत गेल्या, तसतसा या क्रमाच्या उलट दिशेने जाणारा एक प्रश्नही घराघरांत विचारला जाऊ लागला. चाळिशीतल्या माणसाला स्वतःच्या आजाराचे नेमके नाव कळते आणि मग दहा-वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी जे लिहिले होते ते बरोबर होते का, अशी शंका त्याला येते. ही शंका म्हणजे केवळ शोकाचे एक रूप आहे, असे मानून ती बाजूला सारणे शास्त्राला धरून होत नाही. अपत्याच्या जनुकांपैकी निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून आलेली असतात, त्यामुळे काही आजारांत अपत्याचा अहवाल हा दिवंगत पालकाविषयीचा प्रत्यक्ष पुरावाच असतो. काही आजारांत तो दुबळा संकेत ठरतो आणि काही आजारांत त्यातून पालकाविषयी जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. हा फरक आजार एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा उतरतो यावर अवलंबून असतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यात, तेथील वस्तीच्या इतिहासामुळे, तो विशेष ठळकपणे दिसतो.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या जागेवर, कल्याण कॅम्पात, वसलेले शहर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तेथील बराकींत आसरा देण्यात आला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली, आणि आजही तेथील पत्ता 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' अशाच नावांनी सांगितला जातो. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात सरासरी तीन ते चार टक्के लोक, म्हणजे साडेतीन ते साडेचार कोटी माणसे, या विकाराची वाहक आहेत, आणि सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा, सारस्वत, महार, कोळी अशा काही समाजगटांत हे प्रमाण चार ते सतरा टक्क्यांपर्यंत आढळते. या यादीतील महाराष्ट्रीय समाजांची नावे पाहिली, तर थॅलेसेमिया हा केवळ सिंध्यांचा आजार आहे हा कल्याण-कर्जत पट्ट्यात रुळलेला समज किती अपुरा आहे, हेही लक्षात येते.

वाहक म्हणजे काय, हे समजण्यासाठी हिमोग्लोबिनची रचना पाहावी लागते. प्रौढ माणसाच्या तांबड्या पेशींतील मुख्य हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्यांचे बनलेले असते. बीटा साखळी बनविणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर बाळाला पहिल्या दोन वर्षांतच तीव्र रक्तक्षय होतो आणि आयुष्यभर ठरावीक काळाने रक्त भरावे लागते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेला हाच तो थॅलेसेमिया मेजर. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस वाहक ठरतो, ज्याला प्रयोगशाळेच्या अहवालात 'थॅलेसेमिया मायनर' किंवा 'ट्रेट' असे लिहिलेले असते. वाहक रुग्ण नसतो. त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी असते आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात, परंतु शरीर ही उणीव पेशींची संख्या वाढवून भरून काढते, त्यामुळे बहुतेक वाहकांना आपण वाहक आहोत हे कधीच कळत नाही. सिंध, पंजाब आणि गुजरात या भागांत मूळ असलेल्या कुटुंबांत या जनुकातून ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असण्याचा प्रकार वारंवार आढळतो, तर भारतभर सर्वाधिक आढळणारा बिघाड वेगळा, एकाच अक्षराच्या बदलाचा, आहे. म्हणजे बिघाडाच्या प्रकारावरून कुटुंबाचा मूळ प्रदेश कोणता असावा याचाही काहीसा अंदाज बांधता येतो.

आता जुन्या निदानाकडे वळता येईल. समजा, गरोदरपणातील नेहमीच्या तपासणीत एखाद्या स्त्रीच्या रक्तातील ए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाले, त्यावरून ती वाहक असल्याचे ठरले, आणि तिच्या दिवंगत आईच्या कागदांत मात्र सगळीकडे 'रक्त कमी, लोहाची कमतरता' असा शेरा आणि लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आढळली. या दोन कागदांतील विसंगतीचे मूळ बहुधा डॉक्टरांच्या दुर्लक्षात नसून त्या काळच्या साधनांत असते. १९७० आणि १९८० च्या दशकांत छोट्या शहरांतील दवाखान्यांत हिमोग्लोबिन मोजले जाई ते साहली पद्धतीने, म्हणजे रक्तात आम्ल मिसळून तयार होणारा तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी डोळ्यांनी जुळवून. या पद्धतीत चूक होण्यास पुष्कळ वाव असे, आणि पेशीचा सरासरी आकार तर तिच्यातून कळतच नसे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी लोहाच्या कमतरतेतील पेशी आणि थॅलेसेमिया वाहकाच्या पेशी, दोन्ही लहान आणि फिकट दिसतात. पेशी मोजणारी स्वयंचलित यंत्रे आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी ही पद्धत सर्वसामान्य प्रयोगशाळांपर्यंत त्यानंतर बऱ्याच उशिरा आली. तोवर भारतीय स्त्रीच्या बाबतीत फिकटपणा म्हणजे लोहाची कमतरता हेच सर्वाधिक संभवणारे उत्तर होते, आणि डॉक्टरने सर्वाधिक संभवणारे उत्तर प्रथम धरावे यात गैर काही नाही. गैर ठरते ते एवढेच, की महिनोन्‌महिने गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन तसूभर वाढत नसताना त्याच निदानाला चिकटून राहणे.

सुदैवाने १९९० नंतरच्या एखाद्या अहवालात पेशींची संख्या आणि सरासरी आकार (एमसीव्ही) हे दोन आकडे सापडले, तर दिवंगत व्यक्तीविषयीही काही अनुमान करता येते. मेंट्झर यांनी १९७३ मध्ये सुचविलेली रीत साधी आहे: पेशीच्या सरासरी आकाराला प्रति घनमिलिमीटर दशलक्षांतील पेशीसंख्येने भागायचे. उत्तर तेरापेक्षा कमी आले तर थॅलेसेमिया वाहक असण्याकडे कल झुकतो, अधिक आले तर लोहाच्या कमतरतेकडे. आकार ६४ आणि पेशी ५६ लाख असतील तर भागाकार अकराच्या थोडा पुढे जातो. आकार ७२ आणि पेशी ४० लाख असतील तर तो अठरा येतो. ही रीत अंतिम निदानाची नाही. शिवाय दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत एकत्र असू शकतात, आणि पाळीचा जास्त रक्तस्राव असणाऱ्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही शक्यता मुळीच दुर्मीळ नाही. लोहाची तीव्र कमतरता तर हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाणही खाली ओढते आणि वाहक असणे झाकून टाकते. त्यामुळे मुलगी वाहक निघाली म्हणून आईला लोहाची कमतरता नव्हतीच, असे म्हणता येत नाही. जुने निदान चुकीचे असण्यापेक्षा अर्धवट असण्याची शक्यता येथे अधिक आहे, आणि शंका घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांना नेमका हाच भेद कोणी समजावून सांगत नाही.

बिघडलेली प्रत आली कोणाकडून, हा यापुढचा प्रश्न. ती आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलीच पाहिजे, कारण नव्याने बिघाड उद्भवणे या विकारात अत्यंत विरळ आहे. परंतु कोणाकडून आली, हे अपत्याच्या एकट्या अहवालावरून सांगता येत नाही. दोन्ही पालक हयात नसतील तर मामा, मावशी, काका आणि आत्या यांची तपासणी हा मार्ग उरतो. मामा किंवा मावशी वाहक निघाली तर आईकडे संशय जातो, आणि आईचा पूर्वीचा एखादा अहवाल पेशींचा आकार सर्वसाधारण असल्याचे दाखवीत असेल तर वडीलच वाहक असल्याचा निष्कर्ष बळावतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था म्हणून ओळखली जाणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था अशा कौटुंबिक तपासण्यांत अनुभवी आहे, आणि मध्य रेल्वेच्या लोकलने बदलापूरहून तेथे पोहोचण्यास दीड-दोन तासच लागतात.

रक्ताच्या तपासण्यांतून पालकांविषयी भलताच निष्कर्ष काढला जाण्याचा धोका कसा असतो, याचे उत्तम उदाहरणही मुंबईचेच आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या बॉम्बे रक्तगटात ए आणि बी हे घटक तयार होण्यासाठी लागणारा पायाभूत एच घटकच नसतो, त्यामुळे ती व्यक्ती साध्या तपासणीत 'ओ' गटाची दिसते, पण तिच्या जनुकांत बी असू शकतो आणि तो अपत्यात प्रकट होऊ शकतो. वडिलांच्या जुन्या कार्डावर 'ओ', आईचाही 'ओ', आणि मुलाचा मात्र 'बी', असे दिसल्यास घरात नको ती कुजबुज सुरू होण्यापूर्वी वडिलांचा गट त्या वेळी पुरेशा बारकाईने तपासला गेला होता का, हे पाहणे अगत्याचे असते. भारतात साधारण दहा हजारांत एक असा हा गट आहे.

थॅलेसेमियाचाच एक मधला प्रकार दिवंगत पालकांच्या निदानाविषयी याहून गंभीर प्रश्न उभे करतो. थॅलेसेमिया इंटरमीडिया असलेल्या व्यक्तीच्या दोन्ही प्रतींत दोष असतो, परंतु बिघाड सौम्य असल्याने नियमित रक्त न भरताही ती प्रौढ वयापर्यंत जगते. डोळे पिवळसर राहतात, पानथरी म्हणजे प्लीहा वाढते, तरुण वयात पित्ताशयात खडे होतात, पायावर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि आतड्यातून लोहाचे शोषण वाढल्यामुळे रक्त न भरताही यकृतात लोह साचत जाते. ही लक्षणे एकेकटी पाहिली तर 'जुनी कावीळ', 'लिव्हर खराब', 'हिवतापाने वाढलेली पानथरी' असे शेरे पडणे स्वाभाविक होते. अशा माणसाला फिकट दिसतो म्हणून वर्षानुवर्षे लोह दिले गेले असेल, तर ते अपायकारकच ठरले असणार, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची वाट शरीराजवळ नाही. अशा पालकाचे प्रत्येक अपत्य वाहक असणारच, कारण पालकाकडे देण्यासाठी निर्दोष प्रतच नसते. म्हणून चारही भावंडे वाहक निघाली आणि वडिलांना कावीळ व पानथरीचा इतिहास असेल, तर रक्तविकारतज्ज्ञाने जुने कागद मागवून पाहणे योग्य ठरते. एकही भावंड वाहक नसेल, तर हा संशय तेथेच संपतो.

पालकाकडून आलेली एकच बिघडलेली प्रत आजार निर्माण करण्यास पुरेशी असते, अशा प्रबळ आनुवंशिक विकारांत अपत्याचे निदान पालकाच्या मृत्यूवर थेट प्रकाश टाकते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल हा त्यांपैकी सर्वांत व्यापक, साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला असणारा विकार. यात एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेले असते, कारण ते रक्तातून उचलणारे यकृतातील ग्राहक अपुरे पडतात. हे ग्राहक शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत किंवा काडेपेटीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, बेचाळिसाव्या वर्षी अचानक कोसळलेला कामगार घरच्यांच्या आठवणीत 'टेन्शनने गेला' किंवा 'विडीने गेला' असा उरलेला असतो. त्याच्या मुलाचे एलडीएल तिशीत १९० च्या वर निघाले आणि टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर मेदाच्या गाठी दिसल्या, तर वडिलांच्या मृत्यूचे कारण नव्याने मांडावे लागते. विडीचा वाटा त्यातून नाहीसा होत नाही. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांवर तिने घाव घातला, एवढेच. येथे जुना रंगीत फोटोदेखील कामाचा असतो, कारण ऐन चाळिशीत डोळ्याच्या बुबुळाभोवती दिसणारे पांढुरके कडे हे अशा अतिकोलेस्टेरॉलचे एक लक्षण आहे.

मधुमेहाच्या बाबतीत मोडी या नावाने ओळखला जाणारा एकजनुकीय प्रकार असाच उलटा वाचता येतो. तो सहसा पंचविशीच्या आत सुरू होतो, पिढ्यान्‌पिढ्या सलग आढळतो, आणि त्याच्या काही उपप्रकारांत इन्सुलिनऐवजी जुन्या, स्वस्त सल्फोनिलयुरिया गोळ्या अधिक चांगला परिणाम करतात. सडपातळ बांधा आणि लहान वय पाहून आईला 'टाइप वन' समजून आयुष्यभर इन्सुलिन दिले गेले असेल आणि मुलात जनुकतपासणीने मोडी सिद्ध झाला असेल, तर आईच्या निदानावरची शंका पूर्णपणे सयुक्तिक आहे. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या स्नायुविकारात तर पिढीगणिक बिघाड वाढत जातो. मुलाला हातापायांची दुर्बलता येते, पण ज्या पालकाकडून विकार आला त्याच्यात ऐन उमेदीत झालेला मोतीबिंदू एवढेच चिन्ह दिसलेले असू शकते. नेत्ररोगतज्ज्ञाचे ते निदान चूक नव्हते. त्यामागचे कारण मात्र त्या वेळी दिसण्यासारखे नव्हते.

याच्या उलट, विल्सन विकारासारख्या अप्रबळ आजारात अपत्याचे निदान पालकाच्या आजाराचा उलगडा करील ही अपेक्षाच चुकीची ठरते. विल्सन विकारात तांबे यकृतात आणि मेंदूत साचते, आणि तो होण्यासाठी दोन्ही पालकांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. म्हणजे पालक स्वतः बहुधा निरोगी वाहक असतात, आणि वाहकाचे यकृत त्या एका प्रतीमुळे निकामी होत नाही. मुलीला विल्सन विकार आढळल्यावर 'बाबांचे यकृत दारूने नव्हे, यानेच गेले असणार' असे वाटणे मनाला दिलासा देणारे असले, तरी जनुकशास्त्र त्याला सहसा दुजोरा देत नाही. सर्वसामान्य टाइप टू मधुमेह, उच्च रक्तदाब आणि उतारवयातील बहुतेक कर्करोग यांत अनेक जनुके आणि राहणीमान यांचा एकत्रित वाटा असल्याने, तेथे अपत्याच्या अहवालाने जुने निदान फिरवण्याइतके बळ मिळत नाही.

जनुकांचा संबंधच नसतानाही आई आणि मूल एकाच आजाराने ग्रस्त होऊ शकतात, कारण त्यांनी एकच घर आणि कधीकधी एकच धंदा वाटून घेतलेला असतो. फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंतींना सूज येऊन त्या घट्ट होत जाणाऱ्या आजारांच्या भारतीय नोंदवहीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, १९ शहरांतील २७ केंद्रांवरचे १,०८४ रुग्ण होते, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासावाटे आत जाणाऱ्या बुरशीच्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठा-पिसांतील कणांना फुप्फुसांनी दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया, हा विकार होता. गॅलरीत कबुतरे बसत असलेल्या आणि भिंतींना ओल धरलेल्या इमारतीत मुलाला हे निदान झाले, तर त्याच घरात राहून गेलेल्या आईचा 'जुनाट दमा' किंवा थुंकीत जंतू न सापडताच क्ष-किरण चित्रावरून ठरविलेला 'टीबी' पुन्हा तपासण्याजोगा ठरतो. कारखानदारीच्या पट्ट्यात कामाचा इतिहासही विचारावा लागतो. या पट्ट्यातील शहाड परिसरात पिढ्यान्‌पिढ्या रोजगार देणाऱ्या व्हिस्कोस रेयॉनच्या निर्मितीत कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि त्याचा संपर्क दीर्घकाळ राहिल्यास हातापायांच्या नसा दुबळ्या होणे, कंपवातासारखी लक्षणे आणि मानसिक बदल होऊ शकतात, हे व्यावसायिक आरोग्यशास्त्राला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ठाऊक आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत या विषबाधेची नोंद कळविण्यायोग्य आजार म्हणून होती. अशा कारखान्यात काम केलेल्या वडिलांना कंपवात झाला असेल, तर हेच त्याचे हमखास कारण होते असा याचा अर्थ नाही. कागदावर 'व्यवसाय : नोकरी' एवढेच लिहिलेले असेल, तर डॉक्टरांनी कामाच्या स्वरूपाचा प्रश्न विचारलाच नव्हता, इतकेच त्यातून समजते.

पुनर्विचाराची खरी अडचण कागदांची आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. त्याहून जुन्या नोंदी रुग्णालयाकडे मिळतील याची खात्री नसते, म्हणून घरच्या लोखंडी कपाटातील डिस्चार्ज कार्ड, प्रयोगशाळेच्या पावत्या आणि राज्य कामगार विमा योजनेची पुस्तके हीच बहुधा मुख्य साधने उरतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे मेणात घट्ट केलेले तुकडे मात्र प्रयोगशाळेने ठेवले असतील तर दशकांनंतरही पुन्हा तपासता येतात. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात तात्कालिक कारण, त्यामागची कारणे आणि इतर महत्त्वाचे आजार असे वेगळे रकाने असतात, परंतु प्रत्यक्षात अनेक दाखल्यांवर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढाच शेरा आढळतो, जो प्रत्येक मृत्यूला लागू पडतो आणि म्हणून काहीच सांगत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीने रुग्णालयांना आजाराच्या पूर्वेतिहासासह असा दाखला विनामूल्य देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे यापुढच्या पिढीचे काम थोडे सोपे व्हावे.

या सर्व खटपटीचा उपयोग जिवंत माणसांना होतो, आणि तोही ठरावीक क्रमाने. थॅलेसेमियाच्या बाबतीत ज्या बाजूच्या पालकावर संशय येतो त्या बाजूची चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडे, त्यांतही लग्नाच्या किंवा अपत्याच्या विचारात असलेली, प्रथम तपासली जातात, कारण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या ऊतींचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. ही तपासणी करण्यासाठी दोन्ही पालकांच्या जनुकांतील बिघाडाचा नेमका प्रकार आधी माहीत असावा लागतो, म्हणून वाहक असल्याचे कळताच, गर्भधारणेची वाट न पाहता, तो शोधून ठेवावा असा सल्ला समुपदेशक देतात. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलमध्ये क्रम वेगळा आहे: तेथे सख्खी भावंडे आणि मुले (मुले शक्यतो दहा वर्षांची होण्याआधीच) साध्या लिपिड तपासणीने प्रथम पाहिली जातात, आणि त्या तपासणीसाठी वडिलांच्या मृत्यूचे कारण निश्चित होण्याची वाट पाहावी लागत नाही.